मोटारीचं इरलं

१९८२ सालच्या श्रावणातली एक सकाळ. दोन महिन्यांच्या झडीनंतर चिपळुणात पहिल्यांदा लख्ख ऊन पडलं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंगणातल्या मोटारीच्या कव्हरच्या दोऱ्या सोडल्या. एका बाजूनं ते आणि दुसऱ्या बाजूनं मी, असं आम्ही ते जड कव्हर उचललं. आधी वास आला, ओल्या गोधड्या बंद खोलीत ठेवल्यासारखा. मग गाडी दिसली. दारांच्या खालच्या कडांना रंगाचे फोड आले होते. नखानं दाबलं की फोड फुटून तांबडी पूड हातावर यायची. बंपरच्या क्रोमवर ठिपके पडले होते आणि सीटवर पांढरी बुरशी चढली होती. अण्णा काही बोलले नाहीत. पायरीवर जाऊन बसले.

ही गाडी त्यांनी आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर घेतली होती. सेकंडहँड, पण बारा वर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून घेतलेली. अंगणात छप्पर नव्हतं. म्हणून रिक्षा-जीपची हूडं शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. ‘थेंब आत गेला तर पैसे परत,’ असं तो म्हणाला होता. पाऊस सुरू झाला तेव्हा अण्णांनी घरात फर्मान काढलं, ‘गणपतीपर्यंत कव्हरला कुणी हात लावायचा नाही.’

त्या दिवशी दुपारी कुणीतरी सांगितलं, की अण्णा कामासाठी रत्नागिरीला गेले असताना बापूकाकानं कव्हर काढलं होतं. काकानं कबूल केलं. दोनदा काढलं होतं, इंजिन सुरू करून बघायला. ‘तेव्हाच पाणी शिरलं,’ असं अण्णा म्हणाले आणि त्यांच्यापुरता निकाल लागला. पुढच्या वर्षी काका सांगलीला गेला. कार्याच्या निमित्तानं भाऊ भेटत, कामापुरतं बोलत. अण्णा २००४ साली गेले, तोवर यात फरक पडला नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बँकेत नोकरी केली आणि फावल्या वेळात जुन्या मोटारींच्या जाहिराती, माहितीपुस्तिका, कापडांचे नमुने जमवत राहिलो. लोक याला छंद म्हणतात. पण मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, ती गाडी कुणी खराब केली? त्याच्यामागे जाता जाता उभ्या मोटारीवर कापड घालण्याचा जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

मोटारीचं घर

कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. पहिल्या मोटारी दिसायला बिनघोड्याच्या बग्गीसारख्या होत्या आणि त्यांची सोयही बग्गीसारखीच झाली. ज्याच्याकडे मोटार घ्यायची ऐपत होती, त्याच्याकडे घोड्यांची पागा आणि गाडीखाना आधीपासून असायचा. घोडे गेले, मोटार आली, छप्पर तेच राहिलं. ‘गॅरेज’ हा शब्द ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला, त्याचा अर्थही आसऱ्याला ठेवणं असाच आहे. अशा बंदिस्त जागेत मोटारीवर टाकायचं कापड म्हणजे साधी सुती चादर. तिचं काम फक्त धूळ अडवण्याचं. ऊन आणि पाऊस यांची जबाबदारी छपराची होती.

हे छप्पर गरजेचंही होतं. सुरुवातीच्या मोटारी बहुतेक उघड्या असत. वर दुमडता येणारं कॅनव्हासचं हूड, बाजूला पडदे. १९१९ च्या सुमाराला अमेरिकेत बनणाऱ्या दहा मोटारींपैकी नऊ उघड्या होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ उलटं झालं. रंगाचीही तीच कथा. बग्गीला लावतात तसा तेलाचा रंग आणि व्हार्निश ब्रशनं थरावर थर द्यायचे, ते वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. १९२३ साली ड्यू पाँट कंपनीनं ‘ड्यूको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. तो फवाऱ्यानं मारता यायचा आणि काही तासांत वाळायचा. मोटारी झपाट्यानं बनू लागण्यात या रंगाचा मोठा वाटा आहे. मात्र उन्हात तो मंद पडत जायचा, त्याला पुन्हा पुन्हा पॉलिश करावं लागायचं.

म्हणजे १९३० च्या आसपास मोटारीला पत्र्याचं स्वतःचं छप्पर मिळालं, ती स्वस्त झाली आणि पागा नसलेल्या माणसाच्या दारात आली. आतल्या माणसाचं ऊन-पावसापासून रक्षण झालं, पण खुद्द मोटार बाहेर उभी राहिली. चादरीनं आता भागणार नव्हतं.

थेंब अडवणारं कापड

पाणी न शिरणारं कापड मोटारीपेक्षा फार जुनं आहे. जहाजावरचे लोक कॅनव्हासला डांबर फासत. ‘टारपॉलिन’मधला ‘टार’ तो हाच. आपल्या ‘ताडपत्री’त त्या शब्दाचा आवाज आणि ताडाचं पान दोन्ही ऐकू येतात. जवसाचं उकळलेलं तेल पाजून केलेलं कापडही वापरात होतं. आपण अशा तेलकट-मेणकट कापडांना सरसकट मेणकापड म्हणतो.

१८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी कापडाच्या दोन थरांमध्ये पातळ केलेलं रबर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. हे रबर थंडीत ताठ आणि उन्हात चिकट व्हायचं. चार्ल्स गुडइयर यांच्या १८४४ च्या पेटंटनंतर, गंधकाबरोबर रबर तापवायची रीत रूढ झाल्यावर, तो दोष गेला. हिंदुस्थानात १९२० साली कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगाल वॉटरप्रूफचा कारखाना उभारला. ‘डकबॅक’चे रेनकोट माझ्या पिढीनं शाळेत जाताना घातले आहेत. त्यानंतर आलं पीव्हीसी. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी या कडक प्लास्टिकला मऊ करायची युक्ती शोधली आणि कापडावर त्याचा लेप देता येऊ लागला. आमच्या अंगणातलं कव्हर याच वंशातलं.

या सगळ्या कापडांचा दावा एकच, थेंब आत जाणार नाही. तो खराही होता. पण मॅकिंटॉशच्या कोटाबद्दल तेव्हाच एक तक्रार सुरू झाली होती. पाऊस बाहेर राहतो, पण अंगातला घाम आतच साचतो आणि माणूस आतून भिजतो. कोट शिवणाऱ्यांनी ही तक्रार मनावर घेतली. थॉमस बर्बरी यांनी १८७९ साली गॅबर्डीन हे घट्ट विणीचं कापड काढलं, १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यात सूत आधी जलरोधक करून मग विणायचे. थेंब अडायचा आणि वाफ निघून जायची. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये वैमानिकांसाठी ‘व्हेंटाइल’ तयार झालं. त्यातलं सूत भिजलं की फुगतं, वीण आपोआप बंद होते आणि कोरडं असताना हवा खेळत राहते.

घाम आल्याची तक्रार माणूस करू शकतो. मोटार करू शकत नाही. म्हणून कोटाच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकातच कळलेली गोष्ट मोटारीच्या कव्हरपर्यंत यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली, असं मला वाटतं.

रस्त्यावरची मोटार

आपल्याकडे कव्हर इतकं का रुजलं, याचं उत्तर घरांच्या रचनेत आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या बाजूला १९३०-४० च्या दशकांत ज्या नव्या इमारती झाल्या, त्यांतल्या काहींना गॅरेजं होती. गिरगाव, दादर, परळच्या चाळी मात्र मोटार कुणाच्या स्वप्नातही नसताना बांधलेल्या. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांच्या दिंडीदरवाजातून घोडा आत जायचा, मोटार नाही. पुढे वाडे पाडून इमारती झाल्या आणि खाली खांबांमध्ये मोटारी उभ्या राहू लागल्या. पण तोवरच्या दोन-तीन दशकांत ज्यानं मोटार घेतली, त्यानं ती रस्त्यावरच लावली.

आणि मोटार मिळणं सोपं नव्हतं. १९७० च्या दशकात देशभरात वर्षाला पन्नास हजारांहून कमी मोटारी तयार होत. फियाट किंवा अँबॅसॅडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. सेकंडहँड गाडीलाही चांगला भाव यायचा. अशी वस्तू रात्री उघडी टाकून कोण झोपेल? त्या काळातला एखादा जुना फोटो काढून बघा. फाटकासमोर कव्हर घातलेली मोटार आणि शेजारी उभा असलेला घरचा कर्ता पुरुष अनेकांच्या अल्बममध्ये सापडेल. मोटार दिसत नसली तरी फोटो मोटारीचाच असतो.

मराठीत आच्छादनाला शब्दांची कमतरता नाही. पोथीला बासन, तंबोऱ्याला गवसणी, उशीला अभ्रा, बैलाला झूल. मोटारीला मात्र आपण ‘कव्हर’वर भागवलं. बासन, गवसणी, झूल हे शब्द मला अण्णांच्या त्या रेक्झिनपेक्षा शहाणे वाटतात. ती सगळी साधी, हवा जाऊ देणारी कापडं.

आत काय घडलं

आता चिपळूणच्या अंगणाकडे येऊ. लोखंड गंजायला वर पाणी ओतावं लागतं, हा आपला समज. ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत हवेतल्या गंजण्यावर प्रयोग केले. त्यांतून दिसलं, की हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास एका मर्यादेच्या वर गेली, की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. हवेत सल्फर डायऑक्साइडसारखी घाण किंवा पत्र्यावर मीठ असेल तर आणखी. थेंब पडायची गरजच नाही.

आपल्या किनारपट्टीवर जुलैत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैचा सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या पुढे जातो. चिपळूण त्याच पट्ट्यातलं, पावसात मुंबईपेक्षा सरस. अशा हवेत न श्वास घेणारं कव्हर म्हणजे चारी बाजूंनी जमिनीपर्यंत बांधलेला तंबू. आमची गाडी मातीच्या अंगणात उभी होती. ओल्या मातीतून वाफ वर येत होती आणि तिला बाहेर जायला वाट नव्हती. मधूनच ऊन पडलं की काळं रेक्झिन तापायचं आणि आत आणखी वाफ धरायची. रात्री पत्रा गार झाला की तीच वाफ पत्र्यावर आणि कव्हरच्या आतल्या अंगावर दव होऊन बसायची. पातेल्यावरचं झाकण उलटं केल्यावर पाणी दिसतं, तसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे साठ दिवस चाललं.

फोड दारांच्या खालच्या कडांनाच का आले, हेही यातून उलगडतं. पाणी वरून शिरलं असतं तर काचेच्या बीडिंगपाशी, टपाच्या सांध्यांपाशी आधी डाग पडले असते. ओल खालून आली होती. दाराच्या पोटात साठलेलं दव खाली उतरून कडेच्या दुमडीत थांबलं आणि पत्रा आतून खाल्ला गेला. एका अनुभवी डेंटिंग-पेंटिंगवाल्याला मी हे वर्णन सांगितलं, तेव्हा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, ‘प्लास्टिकखाली ठेवली असणार.’

कारागिरानं दिलेला शब्द पाळला होता. थेंब आत गेला नव्हता. आत असलेलं पाणी बाहेरही गेलं नव्हतं.

उन्हाचा न्याय वेगळा

याचा अर्थ कव्हर घालूच नये, असा नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातलं रेझिन तुटतं, वरचा थर खडूसारखा होतो आणि हात फिरवला की बोटांना पूड लागते. रबरी बीडिंग तडकतं, डॅशबोर्ड वाकतो. बंद मोटारीतलं तापमान उन्हात तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी वर जाऊ शकतं. इथे कव्हरचा उपयोग निर्विवाद आहे. चंदेरी कव्हर तर किरणं परतवतंच. तो चंदेरी लेप दोन उन्हाळ्यांत भुरुभुरु गळायला लागला, की लोक दुकानदाराला शिव्या घालतात. पण जे ऊन मोटारीच्या रंगावर पडायचं, ते त्या लेपानं स्वतःवर घेतलेलं असतं.

अडचण अशी, की ऊन आणि पाऊस यांच्या मागण्या वेगळ्या आहेत. उन्हाला नुसता आडोसा पुरतो, कापड कसलंही चालतं. पावसाला आडोसा हवा आणि वाटही हवी. एकाच कव्हरनं दोन्ही ऋतू काढायचे, हा आपला हट्ट. शिवाय वाऱ्याचा त्रास वेगळाच. धुळीनं भरलेल्या मोटारीवर सैल कव्हर घातलं, की ते फडफडताना पॉलिशपेपरसारखं काम करतं. मऊ पीव्हीसी दिवसेंदिवस तापलं तर त्यातलं मऊ करणारं द्रव्य रंगात उतरतं आणि तिथे चिकट डाग पडतात.

कोटानंतर शंभर वर्षांनी

१९५५ साली ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट या संशोधकाला एका नळीतून पॉलिथिलीनचे पांढरे तंतू बाहेर येताना दिसले. त्यातून ‘टायवेक’ हे न विणलेलं कापड तयार झालं आणि १९६७ पासून बाजारात आलं. त्यातल्या वाटा इतक्या बारीक की पाण्याचा थेंब अडतो आणि वाफ निसटते, कारण थेंबापुढे वाफेचा कण नगण्य असतो. या आणि अशा न विणलेल्या कापडांची, पुढे तीन-चार थरांची, मोटारीची कव्हरं परदेशात निघाली. आता आपल्याकडेही मिळतात. तरी रस्त्याकडेच्या दुकानात गिऱ्हाईक आजही कव्हरवर बाटलीतलं पाणी ओतून बघतं आणि खालची बाजू कोरडी राहिली की समाधानानं पैसे देतं. ही अण्णांचीच परीक्षा. कापडाला तोंड लावून फुंकर पलीकडे जाते का, हे बघणारा मला एकही भेटला नाही.

हे सगळं वाचता वाचता मला आठवण झाली ती इरल्याची. कोकणात भातलावणी करणाऱ्या बाया पाठीवर जे घेतात, ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं. वाकलेल्या पाठीवर ते उलट्या होडीसारखं बसतं. वरून पाणी ओघळून जातं आणि खालून, पुढून ते पूर्ण उघडं असतं. अंगाला चिकटत नाही, हवा खेळत राहते. दिवसभर पावसात राबणाऱ्या माणसाला आतून भिजणं परवडत नाही, हे ते बनवणाऱ्याला ठाऊक होतं. धनगराची घोंगडीही तशीच. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही. आमच्या माळ्यावर त्या वर्षीही दोन इरली होती. त्यांच्यापासून पंधरा पावलांवर आम्ही मोटार गुंडाळून ठेवली होती.

कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगतो. पावसाळ्यात जमलं तर वर नुसतं छप्पर करा, चार बांबू आणि ताडपत्री, बाजू मोकळ्या. कव्हरच घालायचं असेल तर श्वास घेणारं घ्या, मोटार धुऊन कोरडी करून घाला आणि उघडीप मिळाली की दर खेपेला काढा. दारं उघडा, पायपुसणी बाहेर टाका, गाडी थोडी फिरवून आणा. ज्या गाडीला सोय नाही ती उघडी भिजून वाऱ्यावर वाळली तरी गुंडाळलेल्या गाडीपेक्षा बरी राहते.

गेल्या मे महिन्यात मी सांगलीला गेलो. बापूकाका आता ऐंशीचा आहे. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. मी कागदावर दाराची आकृती काढली, खालून वाफ कशी येते, दव कुठे साठतं ते बाणांनी दाखवलं. म्हटलं, ‘काका, तू कव्हर काढलंस म्हणून गाडी गंजली नाही. तू काढलंस तेवढे दोन दिवस तिला हवा मिळाली.’

तो बराच वेळ कागद बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, ‘अण्णाला हे कुणी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. वकील माणूस, पुरावा मानायचा.’ मग चष्मा काढून ठेवत म्हणाला, ‘आणि दोनदाच काढलं रे मी. त्याला भिऊन. रोज काढायला हवं होतं.’

तो कागद त्यानं घडी करून उशाखाली ठेवून दिला.